पॅनिकनंतरचा पंचनामा

केशोरीसारख्या गावात चालता कॉम्प्युटर अचानक बंद पडला की पहिला संशय विजेवर जातो. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, गडचिरोलीच्या बाजूचा हा मुलूख. भोवती धानाच्या बांध्या आणि जंगल. पावसाळ्यात आभाळ गडगडले की लाइन जाणार, हे इथे गृहीतच असते. त्यामुळे एखाद्या कार्यालयात ठेवलेले लिनक्सचे मशीन रात्रीत आपोआप रिबूट झालेले दिसले, की ‘लाइन गेली असेल’ एवढ्यावर विषय मिटतो. पुष्कळदा तो निष्कर्ष बरोबरही असतो. पण मशीन आतल्या कारणानेही पडते, आणि बाहेरून दोन्ही प्रसंग सारखेच दिसतात.

लॉग उघडला की उलगडा होईल, असे वाटते. वीज गेली तर लॉग मध्येच तुटतो. कर्नल पॅनिक झाला तरी तो बहुतेक वेळा तसाच तुटतो, कारण शेवटच्या ओळी डिस्कपर्यंत पोहोचतच नाहीत. ‘लास्ट’ ही कमांड दोन्ही प्रसंगांपुढे ‘क्रॅश’ एवढाच शब्द छापते. म्हणून लॉगमध्ये काही सापडले नाही, यावरून वीज गेली होती असे ठरवू नये. आधी यूपीएसची नोंद पाहावी. सर्व्हरच्या बोर्डावर बीएमसी हा स्वतंत्र देखरेखीचा छोटा संगणक असेल, तर त्याची घटनानोंद पाहावी. आणि ‘पीस्टोअर’ फोल्डर उघडावा. काही मशीनमध्ये पॅनिकच्या शेवटच्या ओळी फर्मवेअरच्या ताब्यातल्या जागेत लिहिल्या जातात आणि पुढच्या बूटनंतर तिथे मिळतात.

या तिन्हींपेक्षा मोठा पुरावा म्हणजे मेमरी. कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी, डिस्क, नेटवर्क आणि चालू असलेला प्रत्येक प्रोग्रॅम त्याच्या ताब्यात असतो. त्याच्या स्वतःच्याच हिशेबात अशी विसंगती सापडली की पुढे एक पाऊल टाकणेही धोक्याचे, तर तो मुद्दाम थांबतो; यालाच पॅनिक म्हणतात. बिघडलेल्या हिशेबाने डिस्कवर लिहीत राहिलो तर फाइलीच नासतील, म्हणून घेतलेला हा निर्णय असतो. त्या क्षणी रॅममध्ये सगळे जागच्या जागी असते: कोणता प्रोसेसर कोणते काम करत होता, कोणत्या ड्रायव्हरने कोणते कुलूप धरून ठेवले होते, कोणता पत्ता चुकला. मशीन रिबूट झाले की हे सारे जाते. रॅमची ही प्रत डिस्कवर उतरवणे म्हणजे क्रॅश डम्प. अपघातस्थळाचा पंचनामाच तो.

पंचनामा कोणी लिहायचा, हा जुना प्रश्न. लिनक्समध्ये आधी एलकेसीडी, नेटडम्प, डिस्कडम्प अशा योजना होऊन गेल्या. त्या सगळ्यांचा भार पडलेल्या कर्नलवरच होता. ज्याचा हिशेब नुकताच बिघडला, त्याच्याच डिस्क किंवा नेटवर्क ड्रायव्हरच्या आधाराने डम्प लिहायचा. २००५ साली ओटावाच्या लिनक्स परिसंवादात विवेक गोयल, एरिक बिडरमन आणि हरिप्रसाद नेल्लितीर्थ यांनी केडम्पवरचा निबंध मांडला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या २.६.१३ या आवृत्तीत ही सोय कर्नलमध्ये दाखल झाली. कल्पना अशी: मशीन सुरू होतानाच रॅमचा एक तुकडा बाजूला काढून ठेवायचा. त्यात दुसरा, छोटा कर्नल आधीच भरून ठेवायचा. पहिला कोसळला की फर्मवेअरला मध्ये न घेता थेट दुसऱ्यात उडी मारायची. फर्मवेअर मध्ये नाही, म्हणून रॅम पुसली जात नाही. दुसरा कर्नल ताजा असतो, आणि पहिल्याची सगळी मेमरी त्याला ‘व्हीएमकोअर’ नावाच्या एका फाइलसारखी दिसते. ती फाइल कुठेतरी नेऊन ठेवायची आणि मग मशीन नेहमीसारखे रिबूट करायचे. मेलेल्याकडून काही म्हणजे काही करून घ्यायचे नाही, ही यातली खरी समज. मला ती संगणकशास्त्रातल्या फार सुंदर कल्पनांपैकी एक वाटते.

तरीही डम्प मिळत नाही, असे वारंवार घडते. ‘व्हार’खालचा ‘क्रॅश’ फोल्डर रिकामा असतो आणि केडम्प चालत नाही म्हणून ती सेवाच बंद केली जाते. खरे तर केडम्प चालणे ही एक घटना नसून बऱ्याच घटनांची साखळी आहे. कुठली कडी तुटली हे कळल्याशिवाय केलेला प्रत्येक बदल अंदाजपंचे ठरतो. म्हणून दुसरा कर्नल का उठला नाही, हे विचारण्याआधी तो कुठपर्यंत पोहोचला, हे विचारावे.

सुरुवात सोपी आहे. ‘सिस’खालच्या ‘कर्नल’ फोल्डरात ‘केएक्सेक क्रॅश लोडेड’ ही फाइल असते, तिच्यात १ हवा. शून्य असेल तर दुसरा कर्नल भरलेलाच नाही. बूटच्या ओळीत ‘क्रॅशकर्नल’चा पर्याय लिहिलेला नसतो, किंवा लिहिलेला असूनही तेवढी सलग जागा मिळालेली नसते, किंवा सिक्युअर बूट चालू असताना सही नसलेला कर्नल भरायचा प्रयत्न झालेला असतो. शेजारच्या ‘केएक्सेक क्रॅश साइज’ फाइलीत राखीव जागेचा आकार दिसतो. हे पाहायला एक मिनिट लागते.

दुसरी गोष्ट अशी, की प्रत्येक गोठणे म्हणजे पॅनिक नव्हे. मशीन हँग झाले, पण कर्नलने पॅनिक जाहीर केलाच नाही, तर केडम्पला जाग येण्याचे कारणच नसते. ‘ऊप्स’, म्हणजे कर्नलमधली पॅनिकपर्यंत न गेलेली चूक, झाल्यावरही कित्येक मशीन तशीच लंगडत पुढे जातात. ऊप्सवर पॅनिक, लॉकअपवर पॅनिक, अनोळखी एनएमआयवर पॅनिक असे पर्याय ‘सिसकंट्रोल’मधून चालू करता येतात. शेवटचा पर्याय दूरच्या मशीनसाठी मोलाचा आहे. सर्व्हर पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये आणि सांभाळणारा केशोरीत असेल, तर तो बीएमसीमार्फत एनएमआय हा न टाळता येणारा संकेत पाठवून हँग झालेल्या मशीनला जबरदस्तीने पॅनिकमध्ये ढकलू शकतो आणि त्याचा डम्प घेऊ शकतो.

आता उडी. पॅनिक होताच पहिला कर्नल बाकीचे प्रोसेसर थांबवतो, प्रत्येकाचे रजिस्टर नोंदवून ठेवतो आणि ताबा ‘पर्गेटरी’ नावाच्या एका लहानशा कोडकडे देतो. हे कोड राखीव जागेतल्या कर्नलची शा-२५६ खूण पुन्हा मोजते. कोसळता कोसळता पहिल्या कर्नलने भलत्याच पत्त्यावर लिहून दुसऱ्याचीही नासधूस केली असेल, तर खूण जुळत नाही आणि पर्गेटरी तिथेच कायमचे फिरत राहते. पडद्यावर काहीच येत नाही. बिघडलेल्या कर्नलला डिस्कवर हात टाकू देण्यापेक्षा हे बरे.

पडद्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण इथे चांगले डम्प हातातून जातात. पॅनिकनंतर मॉनिटरवर जुनेच चित्र गोठून राहते. ग्राफिक्स कार्ड जुन्या ड्रायव्हरने जसे सोडले तसेच असते आणि दुसरा कर्नल त्याच्या नादी लागत नाही. आत डम्प व्यवस्थित लिहिला जात असतो, बाहेर माणसाला मशीन मेल्यासारखे वाटते, आणि तो पॉवरचे बटण दाबतो. मोठ्या मेमरीच्या सर्व्हरवर डम्पला चांगलाच वेळ लागतो. डिस्कचा दिवा लुकलुकतोय का, हे पाहिल्याशिवाय बटणाला हात लावू नये. खरा उपाय सीरियल कन्सोल. दुसऱ्या कर्नलच्या बूट ओळीत सीरियल पोर्टचा कन्सोल आणि ‘अर्लीप्रिंटके’ किंवा ‘अर्लीकॉन’ हे पर्याय घातले की त्याचे अगदी पहिले शब्दही बाहेर येतात. बीएमसी असेल तर तोच सीरियल नेटवर्कवरून घरबसल्या वाचता येतो. सीरियलवर एकही ओळ आली नाही तर दोष उडीत आहे. काही ओळी येऊन थांबल्या तर शेवटची ओळ रस्ता दाखवते. या एका सोयीशिवाय केडम्पची दुरुस्ती करायला बसूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओळी येऊ लागल्या की सर्वात जास्त वेळा सापडणारा दोष म्हणजे मेमरी अपुरी. रेड हॅटच्या एंटरप्राइझ लिनक्स ९ मध्ये नेहमीच्या इंटेल-एएमडी मशीनसाठी ठरलेले प्रमाण आहे: १ ते ४ जीबी रॅमला १९२ एमबी, ४ ते ६४ जीबीला २५६ एमबी आणि त्यापुढे ५१२ एमबी. म्हणजे ज्या यंत्रावर पहिला कर्नल शेकडो जीबींचा धनी होता, तिथे दुसऱ्याने अर्ध्या जीबीत बूट व्हायचे, ड्रायव्हर चढवायचे, डिस्क किंवा नेटवर्क उभे करायचे आणि डम्प गाळून लिहायचा. एकेका नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर आपल्या रांगांसाठी कितीतरी जागा मागतो. स्टोरेजचे डझनावारी मार्ग असतील तर प्रत्येकाचा हिशेब वेगळा.

लक्षणे फसवी असतात. ‘आउट ऑफ मेमरी’ असे स्वच्छ लिहून आले तर नशीब. पुष्कळदा कर्नल ‘रूट फाइल सिस्टिम माउंट करता आली नाही’ असे सांगून दुसऱ्यांदा पॅनिक होतो, आणि आपण डिस्क, यूयूआयडी, ड्रायव्हर तपासत बसतो. खरे कारण असे असू शकते, की इनिट्रॅमएफएस, म्हणजे बूटच्या वेळी रॅममध्ये उलगडली जाणारी छोटी फाइल सिस्टिम, जागेअभावी पूर्ण उलगडलीच नाही. अशा वेळी त्या चुकीच्या पन्नास-शंभर ओळी आधीचे वाचावे. इनिट्रॅमएफएस उलगडण्याविषयीची तक्रार तिथे सापडते.

उपाय दोन दिशांनी करावे लागतात. राखीव जागा वाढवावी, हा एक. पण नुसती जागा वाढवत जाणे मला पटत नाही, कारण ती रॅम रोजच्या कामातून कायमची वजा होते. लहान मशीनवर ते फार बोचते. दुसरी दिशा म्हणजे दुसऱ्या कर्नलचे ओझे कमी करणे. त्याला एकच प्रोसेसर पुरतो; ‘एनआर सीपीयूज’ १ ठेवला की प्रत्येक प्रोसेसरमागे लागणारी मेमरी वाचते. आणखी एक फायदा आहे. पॅनिक कोणत्याही प्रोसेसरवर होऊ शकतो आणि दुसरा कर्नल त्याच प्रोसेसरवर उठतो. मग त्याने मूळच्या बूट प्रोसेसरला जागे करायचा प्रयत्न केला, तर इंटेल घराण्यात सगळे मशीनच रीसेट होण्याचा धोका असतो. एकच प्रोसेसर वापरला की तो प्रसंग येत नाही. इनिट्रॅमएफएसमधून ग्राफिक्स, आवाज आणि डम्पच्या वाटेवर नसलेले ड्रायव्हर काढून टाकावेत. मेमरीचे सी-ग्रुप बंद करावेत.

जागा पुरेशी असूनही एक चकवा उरतो. मोठ्या मशीनवर राखीव तुकडा ४ जीबीच्या वर घेता येतो, त्यासाठी ‘हाय’ हा शब्द जोडतात. पण काही उपकरणांना ४ जीबीच्या खालचीच जागा चालते. म्हणून ‘लो’ भागातही थोडी मेमरी राखावी लागते. ती शून्य केली, तर कर्नल उठतो, ड्रायव्हर चढतात, आणि डिस्क कंट्रोलर मात्र बफर मिळाला नाही म्हणून अडून बसतो.

इथून आपण सर्वात अवघड भागात येतो, तो म्हणजे उपकरणे. नेहमीच्या बूटमध्ये फर्मवेअर सगळ्यांना रीसेट करून कर्नलच्या हाती देते. केडम्पमध्ये ते होत नाही. नेटवर्क कार्डाला पहिला कर्नल मेल्याचे कळलेलेही नसते. आलेले पॅकेट ते डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत, जुन्या पत्त्यांवर लिहीतच राहते. दुसरा कर्नल राखीव जागेतच राहतो त्यामागे हेही कारण आहे: त्या जागेचा पत्ता कोणत्याच उपकरणाला कधी दिलेला नसतो, त्यामुळे हे भटके लेखन त्याच्यावर येत नाही. आयओएमएमयू चालू असेल तर गुंता वाढतो. उपकरण आणि मेमरी यांच्यामधल्या या पत्ता-भाषांतराचे तक्ते नव्या कर्नलने कोरे करून लावले, की वाटेतले डीएमए अचानक बेवारस होतात, चुकांचा पाऊस पडतो आणि काही कार्ड बिथरतात. इंटेलच्या यंत्रांसाठी २०१५च्या ४.२ आवृत्तीपासून नवा कर्नल जुने तक्ते उचलून घेतो आणि ड्रायव्हर तयार झाल्यावरच बदलतो. ‘रीसेट डिव्हाइसेस’ हा पर्याय ड्रायव्हरला आधी कंट्रोलर रीसेट करायला सांगतो, ‘आयआरक्यू-पोल’ हरवलेल्या इंटरप्टची भरपाई करतो. तरीही ड्रायव्हर लिहिणाऱ्याने हा प्रसंग कधी डोळ्यासमोर आणलाच नसेल, तर कोणताही पर्याय कामाला येत नाही. तिथे डम्पची वाट बदलणे हाच शहाणपणा: हट्टी रेड कंट्रोलरऐवजी दुसऱ्या डिस्कवर, किंवा नेटवर्कवरून.

आयबीएमच्या पॉवर यंत्रांसाठी या अडचणीवर वेगळे उत्तर निघाले. फर्मवेअर-असिस्टेड डम्प, थोडक्यात एफएडम्प. यात मशीन फर्मवेअरमधूनच पूर्ण नव्याने उठते, उपकरणे रीतसर रीसेट होतात, पण फर्मवेअर जुनी मेमरी जपून ठेवते. लिनक्सच्या मूळ कोडमध्ये या कामाची फाइल उघडली की माथ्यावर २०११ हे साल आणि लेखक म्हणून महेश साळगावकर हे नाव दिसते. ज्यांच्याकडे असे फर्मवेअर नाही, त्यांना केडम्पचीच वाट आहे.

डम्प लिहिला जात असताना बाहेरून घाला घालणारे दोघे आहेत. एक हार्डवेअर वॉचडॉग. पहिल्या कर्नलने चालू केलेली ही घड्याळे पॅनिकनंतरही टिकटिकत राहतात. ठरल्या वेळात कोणी त्यांना थोपटले नाही तर मशीन रीसेट करतात. डम्प दर वेळी साधारण तेवढ्याच सेकंदांनी तुटत असेल तर संशय इथेच घ्यावा आणि वॉचडॉगचा ड्रायव्हर दुसऱ्या इनिट्रॅमएफएसमध्ये घालावा. दुसरा म्हणजे क्लस्टरमधला शेजारी. एक नोड गप्प झाला की बाकीचे त्याला मेलेला समजून त्याची वीज तोडतात. त्यासाठी ‘फेन्स केडम्प’ आहे: दुसरा कर्नल शेजाऱ्यांना निरोप धाडतो की डम्प चालू आहे, थांबा.

नेटवर्कवरच्या डम्पचा विचार मोठ्या यंत्रणांत अपरिहार्य असतो. पुण्याच्या आयआयटीएम या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ हा ४ पेटाफ्लॉपचा महासंगणक सुरू झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथेच ‘अर्क’ आला, ११.७७ पेटाफ्लॉपचा, त्याच दिवशी पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी ‘परम रुद्र’ही राष्ट्राला अर्पण झाला. जगातल्या सर्वात वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत २०१७च्या नोव्हेंबरपासून लिनक्सशिवाय दुसरे काही नाही. धानाची रोवणी कधी धरायची हे ज्या पावसाच्या अंदाजावर ठरते, तो अंदाज अशाच यंत्रांवर मोजला जातो. महासंगणकांच्या हजारो नोडपैकी पुष्कळांना स्वतःची डिस्क नसते. पंचनामा नेटवर्कवरूनच बाहेर यायचा असतो. मग दुसऱ्या कर्नलला बाँड केलेली कार्डे, व्हीलॅन, एसएसएचची किल्ली किंवा एनएफएसचा पत्ता असे सगळे त्या इवल्या जागेत उभे करावे लागते. लिंक वर यायला स्विच काही सेकंद घेतो आणि तेवढ्यात केडम्प हात टेकतो, असेही होते.

स्थानिक डिस्कवर लिहायचे असेल तर साध्या गोष्टी नडतात: जागा नाही, डिस्कचे नाव दुसऱ्या बूटमध्ये बदलले, किंवा विभाजन एन्क्रिप्टेड आहे आणि पासवर्ड द्यायला कोणी नाही. डम्प फसल्यावर काय करायचे, हेही आधी ठरवून ठेवता येते. माणूस जवळ असेल तर शेल उघडे ठेवावे, म्हणजे आत शिरून बघता येते. दूरच्या मशीनवर मात्र रिबूटच नेमावे आणि दुसऱ्या कर्नलच्या ओळीतही पॅनिक झाल्यास काही सेकंदांत रिबूट, असा पर्याय द्यावा. नाहीतर फसलेला पंचनामा मशीन तसेच अडवून बसेल.

हे सारे तपासायचे ते मशीन कामाला लावण्याआधी. ‘प्रॉक’मधल्या ‘सिसरिक्वेस्ट ट्रिगर’ फाइलीत सी हे अक्षर लिहिले की कर्नल तत्क्षणी कोसळतो. फाइली सिंक करून, सगळ्यांना सांगून, मग हे करावे. शांत बसलेल्या मशीनवर ही चाचणी पास झाली म्हणून समाधान मानू नये. डिस्क आणि नेटवर्कवर भार टाकून पुन्हा करावी, कारण खरे पॅनिक उपकरणे कामात असतानाच होतात. ‘एलकेडीटीएम’ या मॉड्यूलने इंटरप्टच्या मध्यातही मुद्दाम क्रॅश घडवता येतो. कर्नल अपडेट केला, नवे कार्ड बसवले, रॅम वाढवली, की पुन्हा.

डम्प हाती आला की मोठ्या फाइलीकडे धावू नये. बाजूला ‘व्हीएमकोअर-डीमेसेज’ नावाची छोटी टेक्स्ट फाइल असते. रेड हॅटच्या घराण्यात ती मुख्य डम्पच्या आधी लिहिली जाते, त्यामुळे डम्प अर्धवट राहिला तरी ती पुष्कळदा वाचते, आणि पॅनिकच्या नेमक्या ओळी तिच्यात असतात. पुढचे काम ‘क्रॅश’ या साधनाचे. त्यात आधी लॉग, मग पॅनिक झालेल्या प्रोसेसरचा बॅकट्रेस, मग टेंटची खूण पाहावी. बाहेरचा, कर्नलसोबत न आलेला ड्रायव्हर चढवलेला असेल तर ती खूण ते सांगते.

हा डम्प दुसऱ्या कोणाला पाठवण्याआधी थांबावे. डम्प गाळणारे ‘मेकडम्पफाइल’ हे साधन ३१ या पातळीवर रिकामी पाने, कॅशे आणि वापरकर्त्यांच्या प्रोग्रॅमची पाने गाळून टाकते. तरी कर्नलच्या स्वतःच्या मेमरीत डिस्कच्या किल्ल्या, नेटवर्कच्या बफरमधला मजकूर, फाइलींची नावे राहतात. कार्यालयातले मशीन असेल तर त्यात गावातल्या माणसांची माहिती असणार. डम्पचा फोल्डर फक्त रूटला वाचता येईल असा ठेवावा, पाठवायचा झाल्यास एन्क्रिप्ट करून पाठवावा, आणि काम संपल्यावर पुसावा.